अंतिम वर्षाचा प्रकल्प, वाडीचे पाणी आणि नेतृत्व : प्रकल्प नोंदी, २०२४-२५

८ जुलै २०२४, सोमवार

भूगोलाच्या तृतीय वर्षाचा प्रकल्प हा आमच्या विद्यार्थ्यांच्या पदवीचा शेवटचा टप्पा असतो. आजवरचे अहवाल काळ्या पुठ्ठ्याच्या बांधणीत विभागाच्या कपाटात रांगेने उभे आहेत. त्यांतील कित्येक मनापासून मेहनत घेऊन लिहिलेले आहेत, परंतु प्रत्येकाचा वाचक एकच होता, तो म्हणजे परीक्षक. ज्या विद्यार्थ्याने अहवाल लिहिला त्याला तो परीक्षकाखेरीज कोणापुढे मांडावा लागला नाही आणि त्यातील एखाद्या विधानाबद्दल कोणी त्याला जाब विचारला नाही. यंदा हे बदलायचे ठरवले आहे. प्रथम वर्षाला यंदापासून नवे शैक्षणिक धोरण लागू झाले असून त्यात क्षेत्र प्रकल्प, कार्यप्रशिक्षण आणि समाजसहभाग यांना स्वतंत्र श्रेयांक आहेत. क्षेत्रकार्याचा एक श्रेयांक म्हणजे सत्रभरात तीस तासांचे काम, असा त्याचा हिशेब आहे. आमची यंदाची अंतिम वर्षाची तुकडी जुन्याच रचनेत आहे. तरीही दोन वर्षांनी जे सर्वांनाच करावे लागणार आहे, त्याची घडी आत्ताच बसवलेली बरी.

अठरा विद्यार्थी आहेत आणि प्रकल्प सर्वांचा मिळून एकच असेल. कामाचे तीन गट राहतील आणि सर्वांवर मिळून एक समन्वयक असेल, जो साधारण दर सहा आठवड्यांनी बदलेल. समन्वयक निवडताना वर्गात सर्वांत चांगले बोलणारा मुलगा किंवा मुलगी पहिल्याच बैठकीत पुढे येते आणि वर्षअखेरपर्यंत पुढेच राहते, हा सर्व शिक्षकांचा अनुभव आहे. बाकीचे मग त्याच्या मागून चालायला शिकतात, आणि तेच त्यांच्या अंगवळणी पडते. पाळी बदलत राहिली तर निदान पाच-सहा जणांना निर्णयाचा भार प्रत्यक्ष उचलावा लागेल.

प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त लिहिले जाईल. त्याखेरीज एक निर्णयवही असेल, जिच्यात काय ठरले, दुसरे कोणते पर्याय समोर होते, ते का सोडले आणि विरोधात कोण होते, हे समन्वयकाने स्वतःच्या अक्षरात लिहायचे आहे. सुरक्षेचा आणि खर्चाचा प्रश्न असेल तेथेच मी हात घालीन. बाकी सर्व निर्णय विद्यार्थ्यांचे असतील आणि त्यांचे परिणामही त्यांनीच निस्तरायचे आहेत.

२२ जुलै २०२४, सोमवार

विषय ठरवण्याची बैठक झाली. चिपळूणच्या महापुराला आज तीन वर्षे झाली. वाशिष्ठी नदीचे पाणी घरात शिरलेले पाहिलेली एक विद्यार्थिनी या तुकडीत आहे. तिने पूररेषेच्या नोंदणीचा विषय मांडला. दुसऱ्या बाजूने कातळशिल्पांचा विषय आला. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांची स्थळे युनेस्कोच्या संभाव्य जागतिक वारसा यादीत आल्यापासून या विषयाकडे मुलांचा ओढा आहे, आणि बारसू, देवाचे गोठणे, उक्षी ही नावे त्यांच्या तोंडी असतात. तिसरा विषय राजापूर तालुक्यातील एका वाडीचा होता. आमच्याच एका विद्यार्थ्याच्या आजोळची ती वाडी, आणि तेथील मंडळींनी त्याला विचारले होते की, कॉलेजातून कोणी येऊन आमच्या झऱ्याचे काही सांगेल का.

बहुमत कातळशिल्पांच्या बाजूने होते. त्याविरुद्ध उभी राहिली ती पुराचा विषय मांडणारीच मुलगी. तिचे म्हणणे असे की, कातळशिल्पांवर अभ्यासक अनेक वर्षे काम करीत आहेत आणि तेथे आपण पाहुणे ठरू. वाडीने मात्र आपल्याला बोलावले आहे. स्वतःचा विषय बाजूला ठेवून दुसऱ्याच्या विषयाची बाजू घेताना तिचा आवाज किंचित कापत होता. तासाभराच्या चर्चेनंतर मतदान न घेताच पाण्याचा विषय ठरला. निर्णयवहीत पहिली नोंद झाली आणि तिच्यात विरोधकांची नावेही आली. नाव लिहिले जाणार हे कळल्यावर दोघांनी आपला विरोध अधिक नीट शब्दांत मांडला, हे मला विशेष वाटले.

१० ऑगस्ट २०२४, शनिवार

लावणी आटोपल्यामुळे वाडीतली माणसे भेटली. देवळाच्या सभामंडपात बैठक झाली. पहिला समन्वयक बोलका आहे. त्याने गावकरांना, म्हणजे वाडीच्या मानकरी प्रमुखांना, नमस्कार करून प्रकल्पाची माहिती चांगली दिली. पुरुष मंडळी पुढे बसली होती आणि बायका मागच्या खांबांपाशी उभ्या होत्या. तासभर जे बोलणे झाले ते नळयोजना, रस्ता आणि निधी यांविषयी झाले. झऱ्याचा विषय त्यात आलाच नाही.

तिसऱ्या गटातील एक अबोल मुलगी मध्येच उठून मागे गेली आणि एका काकींसोबत खाली पाणवठ्यावर उतरली. ती परतली तेव्हा तिच्या वहीत दोन पाने भरलेली होती. झऱ्याच्या कुंडात दगड कधी बसवले, कोणत्या घराची पाळी केव्हा असते, कोणत्या महिन्यात बायकांना रात्री येऊन बसावे लागते, हे सर्व त्यात होते. काकींचे वाक्य तिने जसेच्या तसे उतरवले होते : “शिमगो सरलो की ह्या झऱ्याची धार करंगळीएवढी होते गो बाय, मग हंडो भरायला अर्धो तास.”

परतीच्या एसटीत समन्वयकाने तिला आपल्या शेजारी बसवून ती दोन्ही पाने मोठ्याने वाचायला लावली आणि पुढच्या भेटीची आखणी तिच्याकडे सोपवली. आपल्याला जे दिसले नाही ते दुसऱ्याने पाहिले, हे चारचौघांत मान्य करून त्याच्या हाती सूत्रे देणे एकविसाव्या वर्षी सोपे नसते. निर्णयवहीत त्याने लिहिले : “पुढील बैठका पाणवठ्यावर, सकाळी सातच्या सुमारास, बायका पाण्याला येतात तेव्हा.”

झऱ्याचे भूशास्त्र विद्यार्थ्यांना येथे प्रत्यक्ष पाहता आले. वाडीच्या वर जांभ्याचा विस्तीर्ण सडा, म्हणजे उघडे खडकाळ पठार, आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात पाणी सच्छिद्र जांभ्यातून खाली झिरपते, त्याखालच्या चिकण मातीच्या थराला अडते आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्याच्या रूपाने बाहेर येते. बहुतेक सर्व पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि जांभा पाणी फार काळ धरून ठेवीत नाही, म्हणून एवढ्या पावसाच्या प्रदेशात मे महिन्यात टँकरची वाट पाहावी लागते. पुस्तकातली आकृती आणि समोरची दरड यांची सांगड घालताना तीन-चार जण खाली बसून चिकण मातीचा थर बोटांनी चाचपत होते.

४ सप्टेंबर २०२४, बुधवार

पहिला खांदेपालट झाला. जुन्या समन्वयकाने नव्या समन्वयकाकडे कागद कसे सोपवायचे, याचा एक नमुना विद्यार्थ्यांनीच तयार केला आहे : अपुरी कामे, दिलेले शब्द, आणि कोणाशी कसे बोलावे याविषयी दोन ओळी. यातले “दिलेले शब्द” हे सदर माझ्या कल्पनेत नव्हते. वाडीतल्या एका आबांना पावसाच्या आकड्यांची प्रत देण्याचे कबूल केले होते आणि ती अजून दिलेली नाही, हे त्या सदरामुळे पुढच्या समन्वयकाला कळले.

गणपती तीन दिवसांवर आले आहेत. नवी समन्वयक म्हणाली, “मॅडम, सुट्टी म्हणजे काम बंद नाही. चाकरमानी येतील, वाडीचे मुंबई मंडळ सगळे एकत्र असेल, तेव्हाच जायला हवे.” कोकणातल्या वाडीचे बरेचसे निर्णय गणपतीत आणि शिमग्यात होतात, हे ज्याला माहीत आहे त्यालाच हे सुचू शकते.

१४ सप्टेंबर २०२४, शनिवार

गौरी-गणपतींच्या विसर्जनानंतर मुंबई मंडळाशी बैठक झाली. मी मुद्दाम गेले नाही. इतिवृत्तावरून आणि तिघांच्या तोंडी सांगण्यावरून ही नोंद करीत आहे.

मंडळाने वर्गणी जमवून पन्नास हजार लिटरची मोठी टाकी बांधण्याचा विचार मांडला आणि विद्यार्थ्यांना विचारले की, झरा तेवढे पाणी देईल का. सभेत सर्वांचे डोळे या मुलांकडे लागले होते. पावसाने भरलेल्या झऱ्याची धार त्या दिवशी जोरात वाहत होती आणि “हो” म्हणणे अगदी सोपे होते. समन्वयक उभी राहून म्हणाली की, आमच्याकडे आज फक्त पावसाळ्यातले आकडे आहेत, उन्हाळ्याचे नाहीत. तुम्ही मार्चपर्यंत थांबलात तर आम्ही मोजून सांगू. एका काकांना हे आवडले नाही. “मग एवढे शिकून उपयोग काय?” असे ते म्हणाले. ती खाली बसली नाही. टाकी बांधू नका असे आमचे म्हणणे नाही, तिचा आकार ठरवायला सहा महिने द्या, एवढेच तिने पुन्हा सांगितले. मंडळाने मुदत दिली.

नेतृत्व म्हटले की आपल्याकडे धडाडीने होकार देणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. माहिती हाती नसताना सभेच्या मनाविरुद्ध थांबा म्हणण्यासाठी जे बळ लागते त्याला आपण फारसे गुण देत नाही. या प्रकल्पाच्या मूल्यमापनात त्याला जागा असलीच पाहिजे.

१९ ऑक्टोबर २०२४, शनिवार

मोजणीची पद्धत साधी आहे. पंधरा लिटरची बादली धारेखाली धरायची, ती काठोकाठ भरायला किती सेकंद लागतात ते मोजायचे, तीनदा मोजून सरासरी घ्यायची. बादली वीस सेकंदांत भरली तर प्रवाह मिनिटाला पंचेचाळीस लिटर होतो. जवळच्या दोन विहिरींची पातळी कठड्यापासून वजन बांधलेल्या फितीने मोजायची. दर शनिवारी एका गटाने जायचे असे ठरले होते.

दुसऱ्या गटाच्या तक्त्यात सलग तीन शनिवारी वीस सेकंद हाच आकडा होता. ऑक्टोबरात पाऊस ओसरल्यावर धार कमी होत जाते, त्यामुळे हा आकडा खरा असणे शक्य नव्हते. समन्वयकाच्या हे लक्षात आले. ही तक्रार माझ्याकडे येईल अशी माझी अपेक्षा होती, पण ती आली नाही. काय घडले ते मला आठवड्याने निर्णयवहीतून कळले.

तिने त्या गटातील दोघांना वर्गाबाहेर, वेगळे बसवून विचारले. दोघांच्याही घरी हळव्या भाताची कापणी सुरू होती. वडील मुंबईला, घरी आई एकटी. शनिवारी शेत सोडून येणे शक्य नव्हते आणि ते सांगायला संकोच वाटला, म्हणून पहिल्या आठवड्याचा आकडा त्यांनी पुढे ओढला होता. समन्वयकाने तीन गोष्टी केल्या. खोटे आकडे तक्त्यातून पुसले नाहीत. त्यांवर एक रेघ मारून शेजारी “मोजलेले नाही” असे त्या दोघांकडूनच लिहून घेतले. कापणी असलेल्या घरांच्या मुलांना नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत शनिवारच्या मोजणीतून मोकळे करून नकाशाचे काम दिले, जे रात्री घरी बसून होते. आणि तक्त्यात दोन नवे रकाने वाढवले : मोजणीची वेळ, आणि पाणवठ्यावर त्या वेळी हजर असलेल्या वाडीतल्या एका व्यक्तीची सही.

आज ती स्वतः गेली. बादलीला चोवीस सेकंद लागले, म्हणजे प्रवाह मिनिटाला साडेसदतीस लिटर. सहीच्या रकान्यात एका आजींचा अंगठा आहे.

गटाच्या वाटचालीत जुळवाजुळवीनंतर खटक्यांचा टप्पा येतो आणि त्यातून गेल्यावरच कामाची घडी बसते, असे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये मांडले. वर्गात मी तो सिद्धान्त शिकवते. परंतु आमच्याकडे तो खटका भातकापणीच्या रूपाने आला, आणि शिस्त व समजूतदारपणा या दोहोंतून एकाचीच निवड करावी लागत नाही, हे त्या मुलीने आपल्या वयाच्या सोबत्यांना दाखवून दिले. कडक पर्यवेक्षकाने हे दोघे प्रकल्पातून गमावले असते. सौम्य पर्यवेक्षकाने आकड्यांवरचा विश्वास गमावला असता.

२१ नोव्हेंबर २०२४, गुरुवार

विधानसभेचे मतदान काल पार पडले. बहुतेकांचे विधानसभेसाठीचे हे पहिलेच मतदान होते. निवडणुकीच्या धामधुमीत दोन बैठका पुढे गेल्या. तिसरा समन्वयक हा चिरेखाणीवर काम करणाऱ्याचा मुलगा असून त्याने वहाळावर (ओढ्यावर) वनराई बंधाऱ्यासाठी, म्हणजे मातीने भरलेल्या गोण्यांच्या तात्पुरत्या बांधासाठी, जागा पाहून ठेवली आहे : पात्र अरुंद, तळ कातळाचा, दोन्ही काठ उंच.

८ डिसेंबर २०२४, रविवार

बंधाऱ्याचा दिवस. सकाळी आठला वाडीतील तीसेक माणसे, आमचे विद्यार्थी आणि सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांचा ढीग वहाळाच्या काठी जमला. गोण्या मुंबई मंडळातल्या एका बांधकाम मुकादमाने पाठवल्या होत्या.

या कामाचे बारकावे लिहून ठेवण्यासारखे आहेत. गोणी गच्च भरायची नसते. पाऊणच भरून तोंड शिवले तर ती खालच्या गोणीवर नीट बसते आणि फटी राहत नाहीत. पहिला थर लावण्याआधी तळातली सैल वाळू आणि पालापाचोळा काढून कातळ उघडा करावा लागतो, नाही तर पाणी खालून निघून जाते. गोण्यांच्या दोन समांतर रांगा रचून मधल्या जागेत चिकण माती भरून ती तुडवायची, आणि वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर कधीही येऊ द्यायचा नाही. ही शेवटची गोष्ट समन्वयकाने लहानपणापासून वडिलांना चिरे रचताना पाहून शिकली आहे.

सकाळी दहाच्या सुमारास तिसऱ्या थराचे सांधे एकावर एक येऊ लागले. रचणाऱ्यांत वाडीतले एक ज्येष्ठ गृहस्थ होते आणि त्यांना टोकायला कोणी धजत नव्हते. हा मुलगा वर्षभर वर्गात क्वचितच बोललेला. तो खाली उतरला, त्यांच्या शेजारी गुडघाभर पाण्यात उभा राहिला आणि म्हणाला, “तात्या, जरा ही एक गोणी आडवी घेऊया का? चिऱ्याला सांधा मोडतो ना, तसा इथेही मोडायला हवा.” तात्यांनी गोणीकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले आणि विचारले, “तू कोणाचा रे?” त्याने वडिलांचे नाव सांगितले. “मग बरोबर सांगतोस,” असे म्हणून त्यांनी दोन गोण्या स्वतःच उचलून पुन्हा लावल्या. त्यानंतर सगळा थर त्याच्या सांगण्याने रचला गेला.

वडिलांचा व्यवसाय महाविद्यालयात कोणाला सांगायचा नाही, अशी अढी मनात बाळगणारी मुले आमच्याकडे पुष्कळ आहेत. ज्या ज्ञानाला वर्गात जागा नव्हती त्याच ज्ञानावर आज हा मुलगा पन्नास माणसांचे काम हाकीत होता. प्रकल्प वर्गाबाहेर नेण्यामागे माझे जे कारण आहे त्याचे मला याहून चांगले उदाहरण देता येणार नाही.

दुपारी वाडीतून भात आणि कुळथाची पिठी आली. तीनच्या सुमारास पाणी बंधाऱ्याच्या मागे चढू लागले. झऱ्यावरची मोजणी नेहमीप्रमाणे झाली : चाळीस सेकंद, म्हणजे मिनिटाला साडेबावीस लिटर.

१३ जानेवारी २०२५, सोमवार

मूल्यमापनाची रचना विद्यार्थ्यांपुढे ठेवली. शंभरपैकी तीस गुण निर्णयवही व वैयक्तिक चिंतनाला, तीस क्षेत्रकार्याला, वीस अहवालाला आणि वीस वाडीपुढील सादरीकरणाला आहेत. अहवालाचे गुण कमी ठेवण्यामागे हेतू आहे. चांगला अहवाल गटातला एक हुशार विद्यार्थी एकटा लिहू शकतो. नेतृत्वाच्या खुणा मात्र निर्णयवहीत आणि माणसांसमोर उभे राहिल्यावर दिसतात.

सहकाऱ्यांनी एकमेकांना गुण देण्याचा प्रश्न अवघड होता. मित्राला कमी गुण कोण देणार, आणि सगळ्यांनीच सगळ्यांना पूर्ण गुण दिले तर त्या आकड्यांतून कळणार काय? वर्गाने सुचवलेला मार्ग मी स्वीकारला आहे. प्रत्येकाला ठरावीक गुण मिळतील आणि ते गटातील इतरांत वाटायचे आहेत. ज्याला सर्वांत जास्त दिले त्याने केलेली एक नेमकी गोष्ट, तारखेसह, लिहायची आहे. तारीख मागितली की मोघम कौतुक आपोआप गळून पडते.

अंतिम वर्षाच्या प्रकल्पाचे मोल नव्याने कोणी सिद्ध करायला हवे असे नाही. शिक्षणाचे अभ्यासक जॉर्ज कू यांनी २००८ मध्ये अमेरिकी उच्च शिक्षणातील परिणामकारक पद्धतींची जी यादी मांडली तिच्यात पदवीअखेरचे प्रकल्प आहेत. परंतु इतके दूर जाण्याचीही गरज नाही. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आपल्या शेजारी आहे, आणि कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षी विद्यार्थी ग्रामीण कार्यानुभवासाठी शेतकऱ्यांच्या गावात राहतात, हे आपण सर्वच पाहतो. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे आणि तिच्यात स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास सेवेसाठी द्यायचे असतात. कला व विज्ञान शाखांत कमतरता आहे ती या सेवेला विषयाच्या अभ्यासाशी जोडण्याची. भूगोलाच्या विद्यार्थ्याने रस्ता झाडला तर तो चांगला नागरिक ठरतो यात शंका नाही. पण त्याने झऱ्याचा प्रवाह मोजून वाडीला सांगितला, तर त्याच्या पदवीतून इतरांच्या उपयोगी पडणारा शब्द निघतो, आणि त्या शब्दाची जबाबदारी पेलताना तो जे शिकतो ते व्याख्यानातून शिकवता येत नाही.

२२ फेब्रुवारी २०२५, शनिवार

बादलीला शंभर सेकंद लागले. प्रवाह मिनिटाला नऊ लिटर, म्हणजे चोवीस तासांत १२,९६० लिटर. वाडीत २१० माणसे राहतात. जलजीवन मिशनच्या माणशी रोज ५५ लिटरच्या निकषाने ११,५५० लिटर लागतात. म्हणजे आज पाणी जेमतेम पुरते, तेही रात्रीचे सर्व पाणी साठवले गेले तर. प्रत्यक्षात रात्रीची धार वहाळाला मिळते आणि बायका पहाटे चारला हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात. हा हिशेब फळ्यावर मांडताना वर्गात बराच वेळ शांतता होती. वाडीचा प्रश्न पाण्याच्या प्रमाणाइतकाच साठवणीचा आहे, हे त्या क्षणी सर्वांना एकदम दिसले.

अहवालाच्या मसुद्यावर वाद झाला. एका गटाने लिहिले होते की, बंधाऱ्यामुळे विहिरीची पातळी वाढली. बंधाऱ्याजवळच्या विहिरीचे पाणी दूरच्या विहिरीपेक्षा हळू उतरले, हे मोजणीत दिसते. परंतु बंधाऱ्याआधीच्या वर्षाचे आकडे आपल्याकडे नाहीत आणि या दोन विहिरी मुळातच वेगवेगळ्या खोलीच्या आहेत. चौथी समन्वयक म्हणजे ऑगस्टमध्ये पाणवठ्यावर उतरलेली तीच मुलगी. तिने वाक्य बदलून घेतले : “बंधाऱ्याजवळच्या विहिरीची पातळी या हंगामात तुलनेने हळू उतरली, कारण निश्चित करण्यासाठी आणखी किमान दोन वर्षांची मोजणी लागेल.” ज्यांनी घाम गाळून बंधारा घातला त्यांना हे वाक्य फिके वाटले. दोघे नाराज होऊन उठून गेले. तिने त्यांना दुसऱ्या दिवशी बोलावून सादरीकरणात बंधाऱ्याचा भाग त्यांनीच मांडावा असे सुचवले, आणि त्यांनी ते मान्य केले.

२३ मार्च २०२५, रविवार

शिमग्यात पालखी घरोघरी फिरत असल्यामुळे सादरीकरणाचा दिवस वाडीला विचारून ठरवला. चाकरमानी मंडळीही होती. सभामंडपात बसण्याची व्यवस्था विद्यार्थ्यांनी आधीच गावकरांशी बोलून ठरवली होती आणि बायकांना पुढच्या रांगेत जागा होती. यासाठी समन्वयकाने गावकरांच्या घरी वेगळी खेप घातली होती. तिने त्यांना एवढेच सांगितले होते की, आकड्यांवर सह्या आणि अंगठे ज्यांचे आहेत त्यांना ते आकडे ऐकू यायला हवेत.

या आठवड्याची मोजणी दीडशे सेकंदांची आहे : मिनिटाला सहा लिटर, दिवसाला ८,६४० लिटर, माणशी एक्केचाळीस लिटर. पन्नास हजार लिटरची टाकी या धारेने कधीच भरणार नाही, कारण रोजचे सर्व पाणी रोजच खर्च होते. साठवायची आहे ती रात्रीच्या दहा तासांची धार. ती फेब्रुवारीत ५,४०० लिटर होती आणि आता ३,६०० लिटर आहे. म्हणून झऱ्याच्या तोंडाशीच पाच हजार लिटरची झाकणबंद टाकी आणि तिला दोन तोट्या एवढे पुरेसे आहे, असे विद्यार्थ्यांनी मांडले. सप्टेंबरात रागावलेले काका पहिल्या रांगेमागे बसले होते. त्यांनी खर्चाचा हिशेब दोनदा विचारला आणि उरलेल्या वर्गणीतून कुंडाची डागडुजी व्हावी असे स्वतःच सुचवले.

एका आजींनी प्रश्न केला : “टाकी भरली की तोटी आधी कोणाची?” याचे उत्तर विद्यार्थ्यांकडे तयार होते, पाळीचा एक तक्ता त्यांनी करून आणला होता. समन्वयकाने तो पिशवीतून काढलाच नाही. ती म्हणाली, “आजी, पाळी तुम्ही आजवर ठरवत आलात, ती तुम्हीच ठरवा. आम्ही फक्त पाणी किती ते सांगितले.” बायकांनी तेथेच बोलायला सुरुवात केली आणि पाऊण तासात बचत गटाने पाळी ठरवली, आजारी माणूस किंवा बाळंतीण असलेल्या घराला आधी, हा नियम त्यांनी स्वतः घातला. आमच्या तक्त्यात तो नव्हता.

मोजणीची वही, बादली आणि फीत बचत गटाकडे सोपवली. नववीतल्या दोन मुली मोजणी शिकल्या आहेत.

११ एप्रिल २०२५, शुक्रवार

गुण भरून झाले. सहकाऱ्यांनी वाटलेल्या गुणांत सर्वांत वर ऑक्टोबरची समन्वयक आहे, आणि तिला सर्वाधिक गुण देणाऱ्यांत कापणीच्या दिवसांतले ते दोघेही आहेत. दोघांनीही एकच तारीख लिहिली आहे, ज्या दिवशी तिने त्यांना वर्गाबाहेर बसवून विचारले ती.

पुढील तुकडीसाठी हस्तांतराची फाईल विद्यार्थ्यांनी लावून दिली आहे. “दिलेले शब्द” या सदरात सध्या तीन गोष्टी आहेत. टाकीचे काम मेच्या पहिल्या आठवड्यात सुरू होईल तेव्हा जागेची आखणी करायला दोघे जाणार आहेत. आबांना पावसाच्या आकड्यांची प्रत दरवर्षी जूनमध्ये द्यायची आहे. आणि बंधाऱ्याच्या गोण्या मेअखेर काढून कोरड्या करून वाडीतल्या गोठ्यात ठेवायच्या आहेत, कारण पहिल्याच पुरात त्या वाहून गेल्या तर खालच्या मोरीत अडकून रस्त्यावर पाणी चढते. त्यासाठी २५ मे हा रविवार ठरला असून तिसऱ्या समन्वयकाने, पदवी संपली तरी, येण्याचे कबूल केले आहे.